कुंडीतली अबोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या पुण्यातल्या गॅलरीत गेली दहा-अकरा वर्षं अबोली आहे. पहिलं रोप कुडाळजवळच्या माहेराहून आलं, एसटीत मांडीवर ठेवून. आज लहान-मोठ्या मिळून बारा कुंड्या आहेत आणि तितकीच रोपं मी मारलीही आहेत. सोसायटीतल्या, ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका (आणि हल्ली दोन-तीन काका) जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

अबोली खरंच आपली आहे का? की ही पण बाहेरून आलेली?

आपली. बागेत आपण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘आपली’ म्हणत आलो, त्यांतली कितीतरी फुलं मूळची परदेशी निघतात. झेंडू मेक्सिकोचा, गुलबाक्षी अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची. अबोली मात्र दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ नरसाळ्याच्या आकाराची. तमिळ, तेलुगू, कन्नडमध्ये तिला कनकांबर म्हणतात, कोंकणीत आबोली.

कुळ अडुळशाचं. म्हणजे कोरांटी तिची बहीण, आणि सह्याद्रीत सात वर्षांनी डोंगर जांभळा करणारी कारवीसुद्धा नात्यातली. निळसर हिरव्या फुलांचं एक झुडूप काही ठिकाणी रानअबोली म्हणून ओळखलं जातं. तेही याच कुळातलं, पण वेगळं.

नर्सरीत गेले तर चार रंगांच्या अबोल्या होत्या. कोणती घेऊ?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर इथेच आहे. रोप घेताना किंवा शेजारणीकडून फांदी आणताना आपल्याकडे कोणती अबोली येते आहे ते आधी समजून घ्या.

पहिली साधी, गावठी. फिकट नारिंगी, किंचित गुलाबीकडे झुकणारी. साडीच्या दुकानात ‘अबोली रंग दाखवा’ म्हटल्यावर जो काढतात तो हाच, आणि बायका चालवतात त्या रिक्षांनाही याच रंगावरून अबोली रिक्षा म्हणतात. हिला बी धरतं. दुसरी दिल्ली अबोली. नाव उत्तरेचं, पण हार-गजऱ्याच्या शेतीत ती दक्षिणेतच जास्त दिसते. फूल मोठं, रंग गडद नारिंगी, बहर भरघोस. पण ती त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. म्हणून तिला बी धरत नाही आणि ती फक्त फांदीपासून वाढते. याशिवाय पिवळी आणि लाल अशा दोन आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनक’ अशा जाती काढल्या आहेत, पण त्यांचा विचार मुख्यतः शेतीसाठी आहे.

माझा कल विचाराल तर एक गावठी आणि एक दिल्ली, शेजारी शेजारी. एक बीसाठी, एक फुलांसाठी. पिवळी मला आवडत नाही. अबोली म्हणून बघायला गेलं की ती दुसरंच काहीतरी वाटते.

तीन वर्षं झाली, झाड फुलतं पण बी मिळत नाही. माझं काय चुकतं?

बहुतेक काहीच नाही. तुमच्याकडे दिल्ली अबोली असेल तर बी येणारच नाही, वाट बघू नका. फुलं गडद नारिंगी आणि रुपयाच्या नाण्याहून मोठी असतील तर शंका तिचीच घ्या.

गावठी असूनही बी हाती लागत नसेल, तर ते तुमच्या आधी उडून गेलेलं असतं. फुलं गळून गेल्यावर कणीस, म्हणजे ती ज्यावर उमलतात तो हिरवा तुरा, फेकू नका. ते हळूहळू वाळतं, तपकिरी होतं आणि आत लहान लांबट बोंडं तयार होतात. प्रत्येकात साधारण चार चपट्या बिया. ही बोंडं वाळून ताणलेली असतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसती उलत नाहीत, टक्‌ असा आवाज करत फुटतात आणि बी हातभर लांब फेकतात. आतल्या बाजूला बीखाली आकड्यासारखा भाग असतो, तो गोफणीचं काम करतो. पहिल्या वळवाच्या सरीला बी जमिनीवर पडावं अशी ही सोय आहे. आपल्या गॅलरीत मात्र पाण्याचा झारा फिरला की तेच होतं आणि बी खालच्या मजल्यावर.

म्हणून वाळलेली कणसं कोरडी असतानाच कापायची. कागदी पिशवीत आठवडाभर ठेवायची. मग एका पसरट भांड्यात घालून वरून चार थेंब पाणी शिंपडायचं आणि लगेच ताट झाकायचं. मिनिटभरात आत लाह्या फुटायला लागतात. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याला द्या. माझ्या भाच्याला झाकण धरायला सांगितलं होतं, त्याने ते मुद्दाम उघडलं. पुढे दोन महिने आमच्या सोफ्याच्या फटीत अबोलीचं बी सापडत होतं.

बी कधी आणि कसं पेरायचं?

मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये. उबदार आणि दमट हवा हवी. थंडीत पेरलेलं बी महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. मऊ माती, वर बी, त्यावर जेमतेम झाकेल इतकाच थर. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. चार-सहा पानं आली की वेगळं करा. ताजं बी वापरा, जुन्याची उगवण कमी होते. पहिलं फूल यायला सात-आठ महिने तरी धरा.

फांदी लावली की कुजते. सगळे तर म्हणतात सहज लागते.

लागते, पण अगदी कोवळा शेंडा घेतला तर कुजतो आणि जून लाकूड घेतलं तर वाळतं. मधली, बोटाने वाकवली तर थोडी वाकून मग कट्‌ मोडेल अशी फांदी घ्यायची. चार-पाच इंच पुरते. खालची पानं काढा आणि वरचं कणीसही काढाच. फूल दिसतं म्हणून ते ठेवायचा मोह होतो, पण मुळं नसलेली फांदी फुलाला पोसत बसली की स्वतः संपते. दोन डोळे, म्हणजे जिथून पानं फुटतात त्या गाठी, मातीत जातील अशी खोचा. माती म्हणजे अर्धी जाडी वाळू आणि अर्धं कोकोपीट. शेणखत या टप्प्यावर अजिबात नको. वरून पारदर्शक पिशवी उलटी घाला, कुंडी सावलीत ठेवा. जून-जुलैत लावलेल्या दहा फांद्यांतल्या माझ्याकडे सहा-सात लागतात, जानेवारीत लावलेल्या दहांतली एखादी. मुळं धरायला महिना जातो. तोवर उपटून बघायचं नाही. मी बघते, म्हणून सहा-सात. आई बघत नाही, तिच्या सगळ्या लागतात.

कुंडी केवढी? माती कोणती?

आठ इंची कुंडी एका झाडाला पुरते, दहा इंची उत्तम. झाड दोन-तीन फुटांवर जात नाही, त्यामुळे मोठ्या पिंपात लावून काही मिळवत नाही. उलट जास्तीच्या मातीत पाणी साठून राहतं. मातीत पोयटा, गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू समान घ्या आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. घाटावरची काळी चिकट माती थेट वापरू नका. अबोली कोकणच्या निचऱ्याच्या तांबड्या मातीला सरावलेली आहे. जमिनीत लावणार असाल तर दोन झाडांत एक-दीड फूट अंतर ठेवा.

ऊन किती लागतं? आमची गॅलरी पूर्वेची आहे.

मग तुम्ही नशीबवान. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली, याहून चांगली जागा नाही. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये पानं करपतात, तिथे हिरवी जाळी लावा किंवा मोठ्या कुंडीच्या आडोशाला ठेवा. उत्तरेच्या गॅलरीत झाड जगतं, पानं अगदी तुकतुकीत हिरवी होतात, पण फुलं नाममात्र. ‘झाड छान आहे पण फुलत नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी गॅलरीची दिशा विचारते.

पाणी रोज घालायचं का?

नाही. रोज माती बघायची, पाणी लागलं तर घालायचं.

अबोलीला कोरडं पडणं आवडत नाही हे खरं आहे. तहान लागली की ती लगेच मान टाकते, पानं लोंबतात, आणि पाणी मिळालं की तासाभरात ताठ. हे नाटक दोनदा बघितलं की माणूस घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतायला लागतो. मग मुळं गुदमरतात, कुजतात, आणि झाड पुन्हा मान टाकतं, अगदी तशीच. आपण म्हणतो, बघ, तहानली! आणि अजून पाणी. माझी पहिली तीन झाडं अशीच गेली. आई आली तेव्हा कुंडीत बोट घालून म्हणाली, ‘‘गो, इतक्या पाणी कित्या घालतंस?’’

म्हणून मान टाकलेली दिसली की आधी बोट. दोन पेरं आत माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड लोंबत असेल तर पाणी पूर्ण बंद, कुंडी सावलीत, खालची ताटली काढून टाका. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवूच नये. मातीचा वास आंबूस आला तर झाड काढा, काळी मऊ मुळं कापा, नव्या कोरड्या मातीत लावा आणि वरून अर्धी फांदी छाटा. त्यातून निम्मी वाचतात.

पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच आहेत.

नवीन, शेंड्याकडची पानं अशी होत असतील तर लोह कमी पडतं आहे. मातीत लोह नसतं असं नाही. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरे पापुद्रे दिसत असतील तर कारण हेच. शेतात यावर फेरस सल्फेटची, म्हणजे आपल्या हिराकसाची, अर्ध्या टक्क्याची फवारणी करतात. लिटरला पाच ग्रॅम. कुंडीला मी त्याच्या निम्म्याने करते, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. कपड्यांवर उडू देऊ नका, डाग जात नाही. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून घाला, त्याचा फरक मला फवारणीहून जास्त दिसला आहे.

खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होऊन गळत असतील तर ती वयाने किंवा नत्र कमी पडल्याने. गांडूळखत द्या.

खत किती?

महिन्याला मूठभर गांडूळखत, दोन महिन्यांनी चमचाभर निंबोळी पेंड. एवढंच. युरिया घातलात तर पानांचा कोबी होईल.

चांगलं असलेलं झाड चार दिवसांत सुकलं. पाणी, ऊन सगळं ठीक होतं.

दोन संशयित आहेत. एक मर रोग, तो बुरशीने होतो. दुसरा सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे किडे. अबोलीच्या शेतकऱ्यांचा हा जुना वैरी आहे. झाड काढून मुळं धुवून बघा. मुळांवर बारीक गाठी किंवा तपकिरी चट्टे असतील तर सूत्रकृमी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मे महिन्यात गच्चीवर तापवा किंवा सरळ टाकून द्या. पुढच्या वेळी कुंडीत निंबोळी पेंड घाला. जमिनीत असेल तर मध्ये झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात. परदेशी पाहुण्याचा असाही उपयोग.

कणसात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

पिठ्या ढेकूण. कणसाच्या खवल्यांत दडून बसतात म्हणून फवारणी पोचत नाही. ते कणीस कापून टाकणं सगळ्यात सोपं. उरलेल्यांवर जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल चिमूटभर साबणात घोटून. मुंग्या वर-खाली करताना दिसल्या तर समजा की मावा किंवा पिठ्या आलाच आहे. या किडी गोड चिकटा सोडतात आणि मुंग्या त्यासाठीच येतात.

छाटणी करावी का? कापायला जीव होत नाही.

करावी. रिकामी झालेली कणसं वर्षभर, बी नको असेल तिथली, खुडत राहा. नवीन कणीस लवकर येतं. मोठी छाटणी वर्षातून एकदा, जूनच्या सुरुवातीला, झाडाचा तिसरा हिस्सा कापून. तीन-चार वर्षांनी झाड खालून लाकडी आणि वरून विरळ होतं. त्याला छाटून फार उपयोग होत नाही, फांद्यांपासून नवी पिढी करून ठेवा.

थंडीत पानं लालसर होऊन गळतात. मेलं का झाड?

नाही. पारा १२-१३ अंशांखाली गेला की अबोली आखडते. पुणे, नाशिकला डिसेंबर-जानेवारीत हे दरवर्षी होतं. भिंतीलगत सरकवा, पाणी निम्मं करा, खत बंद करा, आणि महाशिवरात्रीनंतर बघा. नागपूरकडे थंडीही आहे आणि वर ४५ अंशांचा उन्हाळा, तिथे कुंडीच सोयीची, जागा हलवता येते. कोकण-गोव्यात हा प्रश्न येत नाही. आईच्या अंगणात वर्षभर फुलं असतात, हे ती फोनवर दर वेळी सांगते.

हिला वास का नाही?

वास नाही म्हणूनच ती अबोली, असं आमच्याकडे सांगतात. फूल बघाल तर पाच पाकळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या आणि मागे लांब बारीक नळी. मध त्या नळीच्या तळाशी. तिथवर फुलपाखराची सोंड पोचते, आणि फुलपाखरू दिवसा रंग बघून येतं. मोगरा, जाई, रातराणी रात्री पतंगांना बोलावतात, त्यांना वासावाचून गत्यंतर नाही.

वास नसलेलं फूल देवाला वाहू नये असं कुणी म्हणालं तर त्यांना गोव्यात पाठवा. तिथे आणि तळकोकणात देवीला अबोलीच्या माळा सर्रास घालतात.

फुलं तोडली तर झाड कमजोर होतं का?

उलट तोडाच. कणसात फुलं खालून वर, एका वेळी दोन-चार अशी उमलतात. एक कणीस संपायला पंधरा-वीस दिवस लागतात. एक दिवसाआड पहाटे तोडा. देठ नसतो, नळी धरून अलगद वर ओढायचं, आपोआप सुटतं. तोडलेलं फूल दोन दिवस टवटवीत राहतं, म्हणून तर गजऱ्यात तिला इतका मान. आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. एक किलो भरायला सुमारे १५,००० फुलं लागतात.

परदेशात आहोत. गावाहून रोप किंवा बी आणू का?

आणू नका. बहुतेक देशांत परवान्याशिवाय रोपं, बिया, माती नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. युरोप-अमेरिकेत हीच वनस्पती क्रॉसँड्रा किंवा ‘फायरक्रॅकर फ्लॉवर’ या नावाने घरात ठेवायचं झाड म्हणून विकतात. तो फटाका कुठला, हे आता तुम्हाला माहीत आहे. उजेडाच्या खिडकीत ठेवा, हीटरच्या झोतापासून लांब, आणि हवा फार कोरडी असेल तर कुंडी ओल्या खड्यांच्या ताटात.

एका झाडावर वेणी होईल का?

होणार नाही. वीतभर वेणीला माझ्या हातून साठ-सत्तर फुलं जातात, हात घट्ट असेल तर जास्त. चांगल्या झाडावर दहा कणसं धरली तर दिवसाआड तीसेक फुलं मिळतात. म्हणजे निदान तीन झाडं हवीत, किंवा एका खेपेची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या खेपेची त्यात मिळवा. दोऱ्याऐवजी केळीच्या सोपटाचा पट्टा उभा फाडून, भिजवून घेतला तर नळ्या कापल्या जात नाहीत. तीन-चार फुलं एकाड एक तोंडं फिरवून ठेवायची, नळ्यांवरून पट्ट्याचा वेढा, गाठ, पुन्हा तीन-चार. मध्ये मरव्याची एखादी काडी घातली की वासाचीही सोय होते.